प्रिंटर जोडला की कॉम्प्युटर का अडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या नवी पेठ आणि चाटी गल्लीतली दुकानं, मार्केट यार्डातले आडते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल कारखाने, विद्यापीठाच्या परीक्षांच्या दिवसांत झेरॉक्स सेंटरवाले: या सगळ्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठीच्या आहेत. मेनूंची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात, इथे तीच देवनागरीत लिहिली आहेत. आधी पहिले दोन प्रश्न वाचा, मग आपल्या दुखण्याचा शोधा.

१. प्रिंटरमुळे कॉम्प्युटर स्लो होतो, हे खरं आहे का? प्रिंटर तर बाहेरची वस्तू.

खरं आहे. पण दुखणी दोन आहेत आणि त्यांचे इलाज वेगळे. पहिल्यात कॉम्प्युटर नुसता वाट पाहत असतो: त्याने प्रिंटरला हाक मारली, पलीकडून ओ आली नाही, आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. दुसऱ्यात तो खरोखर राबत असतो: पानाचं चित्र तयार करण्यात प्रोसेसर आणि रॅम गुंतलेली असते.

मशीन अडलं की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू, मेमरी, डिस्क तिन्ही निवांत आणि तरी एक्सेलवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलेलं, म्हणजे वाट पाहणं चाललंय. सीपीयू वर चढलेला असेल तर राबणं.

दुकानांतली बहुतेक प्रकरणं पहिल्या गटातली असतात आणि तिथे नवी रॅम घालून काडीचा फरक पडत नाही. फॉरमॅट मारल्यावर काही दिवस बरं वाटतं खरं, कारण त्यात जुने, मेलेले प्रिंटरही पुसले जातात. तेवढंच काम फॉरमॅटशिवायही होतं (प्रश्न १३).

२. दोष प्रिंटरच्या जोडणीचाच आहे, हे मला घरच्या घरी कसं कळेल?

सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा. तिथलं 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' आधी बंद करा. ते चालू असेल तर शेवटी ज्यावर प्रिंट काढली तोच प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो, आणि तुम्ही लावलेली सेटिंग टिकत नाही. मग 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डिफॉल्ट करा. हा प्रिंटर कॉम्प्युटरच्या आतच असतो, त्यामुळे तो हाकेला लगेच ओ देतो. आता वर्ड, एक्सेल, बिलिंगचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. फरक पडला तर दोष जोडणीत आहे.

फरक पडला नाही तर प्रिंटरची यूएसबी केबल काढून मशीन रीस्टार्ट करा. तरीही तसंच असेल तर प्रिंटरला दोष देणं सोडा आणि प्रश्न १६ कडे जा.

ज्यांना दिवसाला दोन-चारच प्रिंट काढायच्या असतात त्यांनी पीडीएफलाच कायम डिफॉल्ट ठेवलं तरी चालतं. प्रिंट देताना खरा प्रिंटर निवडायचा, एवढंच.

३. मी प्रिंट दिलेलीच नाही, तरी वर्ड-एक्सेल उघडायलाच वेळ का लागतो?

कारण पान कसं दिसणार हे प्रिंटरवर अवलंबून असतं. कोणते कागद चालतात, कडेला किती जागा सुटते, कोणते फाँट आहेत, ही माहिती वर्ड आणि एक्सेल डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून) घेतात. तो प्रिंटर बंद असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर असेल, तर तुम्ही एक अक्षरही टाइप करण्याआधी वाट पाहणं सुरू होतं.

एक्सेलमध्ये आणखी एक गोम आहे. एकदा प्रिंट प्रिव्ह्यू पाहिला की शीटवर पानांच्या सीमा दाखवणाऱ्या तुटक रेषा उमटतात. त्यानंतर तुम्ही रांग वाढवा, कॉलम रुंद करा, एक्सेल त्या रेषा नव्याने मोजतो. मोठ्या शीटवर हे चांगलंच जाणवतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन 'शो पेज ब्रेक्स'ची खूण काढा. ही सेटिंग प्रत्येक शीटला वेगळी असते, त्यामुळे एका शीटवर काढून भागत नाही.

मॅक्रो वापरणाऱ्या अकाउंटंट मंडळींसाठी: मार्जिन, हेडर, कागद असं पेज सेटअप बदलणारी मॅक्रोतली प्रत्येक ओळ प्रिंटर ड्रायव्हरशी वेगळी बोलते. एक्सेल २०१० पासून 'प्रिंटकम्युनिकेशन' नावाची सोय आहे. मॅक्रोच्या सुरुवातीला ती बंद करून सेटिंग संपल्यावर चालू केली, की सगळी बोलणी एकदाच होतात.

४. प्रिंट अडकली आहे. डिलीट केली तरी 'डिलीटिंग' असंच दाखवते आणि पुढची एकही निघत नाही.

रांग सांभाळणाऱ्या सेवेचं नाव प्रिंट स्पूलर. तिच्याकडे अडकलेली फाइल हाताने काढावी लागते:

स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, यादीत 'प्रिंट स्पूलर'वर राइट क्लिक करून 'स्टॉप' करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल आणि त्यात 'प्रिंटर्स' हा फोल्डर उघडा. आतल्या एसपीएल आणि एसएचडी प्रकारच्या फाइली पुसा. फोल्डर मात्र पुसू नका, आणि शेजारच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरला हात लावू नका. परत सर्व्हिसेसमध्ये येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा.

यात सगळ्याच प्रलंबित प्रिंट जातात, तेव्हा शेजारच्या टेबलावर विचारून घ्या. हे वारंवार करावं लागत असेल तर सी ड्राइव्ह भरला आहे का पाहा. स्पूलरला फाइल ठेवायला जागाच उरली नाही की तो असाच अडतो.

५. लाईट जाऊन आली की प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो आणि सगळी मशिन्स रेंगाळतात. प्रिंटर तर चालू आहे!

वायफाय किंवा लॅनवरच्या प्रिंटरबद्दल सर्वांत जास्त येणारा प्रश्न हा. वळवाच्या पावसात लाईट दिवसातून अनेकदा जाते, त्या दिवसांत तर फोन थांबत नाही.

राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देतो. लाईट गेली की राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद. परत आल्यावर कोण आधी जागं होतं त्यावर पत्ते वाटले जातात आणि प्रिंटरला कधी कधी वेगळाच पत्ता मिळतो. कॉम्प्युटर मात्र जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतो. तिथे कुणीच नसतं, किंवा एखाद्याचा मोबाइल असतो.

इलाज दोन भागांत. राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि प्रिंटरला एक पत्ता कायमचा बांधून द्या. मग कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या 'पोर्ट्स'मध्ये 'ॲड पोर्ट' करून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा आणि तोच पत्ता द्या. विंडोज आपणहून प्रिंटर शोधतो तेव्हा बऱ्याचदा 'डब्ल्यूएसडी' नावाचा पोर्ट बनवतो. त्याला पत्ता द्यावा लागत नाही, पण प्रिंटर झोपेतून उठल्यावर तो हरवण्याची तक्रार फार. जमेल तिथे टीसीपी/आयपीच वापरा.

पत्ता बरोबर असून प्रिंटही निघते, पण ऑफलाइनचा शिक्का जात नाही? त्याच पोर्टच्या 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढा. प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नसेल तर विंडोज त्याला उगाच गैरहजर धरतो.

६. मग प्रिंटरही यूपीएसवर घेतला तर?

राउटर घ्या, जरूर घ्या. डॉट मॅट्रिक्स आणि इंकजेटही चालतील. लेझर प्रिंटर नको. टोनर कागदावर पक्का बसवणारा त्याचा भाग तापताना एकदम शेकडो वॉट ओढतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच्या आसपासच देतो. प्रिंट दिली आणि कॉम्प्युटरच बंद पडला, अशा तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं.

७. दुकानात चार कॉम्प्युटर आहेत. प्रिंटर काउंटरच्या मशीनला जोडून शेअर केलाय. ते मशीन बंद असलं की बाकीची अडतात. काय करावं?

शेअरिंगमध्ये काउंटरचं मशीनच बाकीच्यांसाठी प्रिंटर होतं. ते बंद असो, झोपलेलं असो की स्वतःच अपडेट घेत असो, बाकीच्या तिघांना ओ मिळत नाही.

प्रिंटरला लॅनचा सॉकेट किंवा वायफाय असेल तर शेअरिंग सोडाच. प्रत्येक मशीनवर प्रिंटर थेट आयपीने जोडा (प्रश्न ५). नुसता यूएसबी प्रिंटर असेल तर काउंटरच्या मशीनचं 'स्लीप' बंद करा, दुकान उघडल्यावर तेच आधी सुरू करा, आणि बाकीच्या मशिन्सवर डिफॉल्ट म्हणून पीडीएफ ठेवा.

उलटी तक्रारही येते: बाकीचे प्रिंट देतात आणि काउंटरवालीचं बिल अडतं. तिच्या मशीनवर प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या 'शेअरिंग'मध्ये 'रेंडर प्रिंट जॉब्स ऑन क्लायंट कॉम्प्युटर्स'ला खूण आहे ना, पाहा. ती असली की पान तयार करायचं काम देणाऱ्याच्या मशीनवर होतं.

८. नवीन विंडोज ११ वरून जुन्या मशीनचा शेअर प्रिंटर जोडताना ११बी अशी एरर येते. एका व्हिडिओत रजिस्ट्री बदलायला सांगितलंय. बदलू का?

शक्यतो नको. २०२१ च्या जून-जुलैत स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेली गंभीर त्रुटी उघड झाली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने छपाईचे नियम एकामागून एक कडक केले: ड्रायव्हर टाकायला ॲडमिनची परवानगी लागू लागली आणि दोन मशिन्समधलं छपाईचं बोलणं अधिक सुरक्षित असण्याची सक्ती आली. एका मशीनवर ते अपडेट आहे आणि दुसऱ्यावर नाही, की ११बी उभी राहते. व्हिडिओतला बदल ही सक्तीच उठवतो. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटी भरता त्यावर असं करू नये, हे माझं स्पष्ट मत.

दोन्ही मशिन्सचे अपडेट पूर्ण करा. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून हे बोलणं डीफॉल्टने वेगळ्या मार्गाने, आरपीसी ओव्हर टीसीपीने, होतं. त्यामुळे समोर विंडोज ७ असेल तर खटके उडणारच. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. तिथे जुळवाजुळवीपेक्षा प्रिंटर नव्या मशीनला जोडणं सोपं.

९. वर्डचं पान लगेच निघतं, पण लग्नपत्रिका किंवा फोटोंची पीडीएफ दिली की मशीन गोठतं. का?

हे 'राबणं' आहे. ए४ पान ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) म्हणजे सुमारे ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, जवळजवळ साडेतीन कोटी. रंगीत पानात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका पानाचे शंभर एमबीच्या आसपास होतात.

हा हिशेब कोण करतो, ते प्रिंटरवर ठरतं. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० ही सोलापुरातल्या कितीतरी टेबलांवर अजून दिसणारी मॉडेलं. दोन्हींत मेमरी २ एमबी. ती स्वस्त ठेवता आली कारण पान रचण्याचं काम त्यांनी कॉम्प्युटरवर सोपवलं आहे. साध्या मजकुराला काही वाटत नाही. कोरल ड्रॉमधली पारदर्शक फुलं आणि सोनेरी छटा आल्या की जुना प्रोसेसर धापा टाकतो.

पत्रिका आधी ३०० डीपीआयच्या चित्रात किंवा पीडीएफमध्ये काढून मग छापा. पीडीएफ अडत असेल तर ॲडोब रीडरच्या प्रिंट खिडकीत 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंट ॲज इमेज' करून पाहा. गुंतागुंतीच्या फाइलींना ते लागू पडतं. फाइल मुळातच स्कॅन केलेली असेल तर त्याचा उपयोग नाही.

१०. कुणीतरी 'प्रिंट डायरेक्टली टू द प्रिंटर' लावून दिलं. आता बिल छापून होईपर्यंत सॉफ्टवेअर हलतच नाही.

ती खूण काढा. त्यात स्पूलर वगळला जातो, त्यामुळे शेवटचं पान प्रिंटरने स्वीकारेपर्यंत तुमचं सॉफ्टवेअर अडकून राहतं. 'स्पूल प्रिंट डॉक्युमेंट्स' आणि त्याखालचं 'स्टार्ट प्रिंटिंग इमिजिएटली' निवडा.

११. डॉट मॅट्रिक्सवर इंग्रजी बिल झरझर येतं, पण शेतकऱ्याची मराठी पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी) रेंगाळत येते. ड्रायव्हर बिघडलाय का?

नाही. साध्या डॉट मॅट्रिक्सच्या पोटात फाँट असतात ते रोमन लिपीचे. इंग्रजी मजकूर गेला की कॉम्प्युटर फक्त अक्षराचा क्रमांक पाठवतो आणि प्रिंटर आकार स्वतः काढतो. देवनागरी त्याला येत नाही, म्हणून पूर्ण पट्टी चित्र म्हणून, ठिपक्याठिपक्याने जाते. कांद्याच्या हंगामात डिसेंबर-जानेवारीत लिलाव संपल्यावर पट्ट्यांची रांग लागते, तेव्हा हे फार बोचतं.

सर्वांत चांगला उपाय कागदाचा आहे. पट्टीवरचे कायमचे शब्द, म्हणजे आडतीचं नाव, वजन, दर, हमाली, तोलाई, प्रेसमधून छापून घ्या आणि प्रिंटरकडून फक्त आकडे टेक्स्ट मोडमध्ये काढा. शेतकऱ्याचं नाव मराठीतच हवं असेल तर ड्रायव्हरमधलं रिझोल्यूशन सर्वांत खालचं ठेवा. अक्षर थोडं फिकट येतं, वाचता येतं. यादीतला 'जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर वेगवान असतो, पण त्याने मराठी निघत नाही.

टॅलीवाल्यांनी प्रिंट फॉरमॅट 'नीट'वरून 'डॉट मॅट्रिक्स' करून पाहावा. तो टेक्स्टने जातो.

१२. एकच यूएसबी प्रिंटर आहे, पण यादीत 'कॉपी १', 'कॉपी २' असे तीन दिसतात. त्याने काही बिघडतं का?

बिघडतं. काही प्रिंटर यूएसबीवर स्वतःचा अनुक्रमांक नीट सांगत नाहीत. त्यांची केबल वेगळ्या सॉकेटात गेली की विंडोजला तो नवा प्रिंटर वाटतो. झाडू मारताना केबल निघाली, कुणीतरी समोरच्या सॉकेटात घातली, आणि डिफॉल्ट मात्र जुन्या नावावरच राहिला. मग हाका रिकाम्या जागेकडे जातात.

केबल मागच्या, मदरबोर्डावरच्या सॉकेटात घाला, तिथे खूण करा आणि फिकट दिसणारी नावं काढून टाका. हब टाळा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नको. मध्येच जोडणी तुटल्याचा-जुळल्याचा आवाज येत असेल तर आधी केबल बदला.

१३. काढून टाकलेला प्रिंटर रीस्टार्टनंतर परत येतो. मुळासकट कसा काढायचा?

नुसतं 'रिमूव्ह' केल्याने नाव जातं, ड्रायव्हर राहतो. आधी रांग रिकामी करा (प्रश्न ४), प्रिंटर काढा, केबल सोडवा. मग 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' उघडून 'ड्रायव्हर्स'मध्ये तो निवडा आणि 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' करा. 'वापरात आहे' असं आलं तर स्पूलर थांबवून लगेच सुरू करा आणि पुन्हा काढा. कंपनीचं शाई दाखवणारं सॉफ्टवेअर 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधून वेगळं काढावं लागतं.

ते सॉफ्टवेअर ठेवायचं असेल तरी टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये बंद करा. त्याशिवाय प्रिंट निघते.

१४. ऑल-इन-वन प्रिंटर जोडलेला असला की विंडोजचा लोगो यायलाच उशीर होतो.

लोगोच्याही आधीचा उशीर म्हणजे विंडोजचा संबंध नाही. मेमरी कार्डची खाच असलेले प्रिंटर मशीनला ड्राइव्हसारखे दिसतात आणि काही मदरबोर्ड त्यावर विंडोज शोधत बसतात. बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) बूट क्रमात हार्ड डिस्क किंवा एसएसडी पहिली ठेवा आणि यूएसबीवरून बूट बंद करा.

१५. कारखान्यात टॉवेलची बारकोड लेबलं काढताना पहिलं लेबल निघायलाच खूप वेळ जातो. प्रिंटर नवा आहे.

बहुधा प्रत्येक लेबल वेगळं चित्र म्हणून चाललंय. लेबल प्रिंटरची स्वतःची भाषा असते. 'हा बारकोड काढ, क्रमांक एकाने वाढव, पाचशे प्रती दे' एवढा छोटा हुकूम त्याला पुरतो. लेबल वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये बनवलं तर तो फायदा जातो. लेबलचं सॉफ्टवेअर वापरा, प्रिंटर कंपनीचाच ड्रायव्हर घाला, बारकोड आणि अनुक्रमांक प्रिंटरकडूनच तयार करून घ्या. २०३ डीपीआयच्या प्रिंटरला ६०० डीपीआयचा लोगो देऊ नका. दिसायला फरक शून्य, ओझं मात्र वाढतं.

१६. 'स्पूलर सबसिस्टम ॲप' सतत चालू दिसतं. व्हायरस आहे का? कायमचं बंद करू का?

व्हायरस नाही, हाच तो स्पूलर. राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केल्यावर सिस्टम३२ उघडलं तर निश्चिंत राहा, दुसरंच फोल्डर निघालं तर अँटिव्हायरस चालवा. 'एसपीएलवाव६४' दिसत असेल तर तोही घरचाच. जुन्या ३२ बिट बिलिंग सॉफ्टवेअरला ६४ बिट ड्रायव्हरशी जोडून देणं हे त्याचं काम.

रांग रिकामी असूनही स्पूलर सीपीयू खात असेल तर प्रश्न ४ आणि १३ करा. कायमचा बंद करायचा असेल तर 'प्रिंट टू पीडीएफ'ही बंद होईल. वर्डमधलं 'सेव्ह ॲज पीडीएफ' चालू राहतं.

टास्क मॅनेजरमध्ये स्पूलर शांत आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के असेल, तर अडचण जुन्या हार्ड डिस्कची आहे. तिथे एसएसडीचा खर्च सार्थकी लागतो.

१७. विंडोज ११ मध्ये 'प्रोटेक्टेड प्रिंट मोड' चालू केला आणि डॉट मॅट्रिक्स गायब झाला. परत येईल का?

येईल. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत आलेला हा मोड कंपन्यांचे ड्रायव्हर बाजूला ठेवतो आणि फक्त मोप्रिया या प्रिंटर कंपन्यांच्या संघटनेने प्रमाणित केलेल्या प्रिंटरांशी बोलतो. सुरक्षेला तो चांगला, पण पट्ट्या, लेबलं आणि जुने लेझर त्यात बसत नाहीत. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये खाली जाऊन तो बंद करा आणि प्रिंटर दिसला नाही तर ड्रायव्हर पुन्हा घाला. त्यानंतर डिफॉल्ट कोण झालाय, ते प्रश्न २ प्रमाणे तपासा.